२५ पाकिटं, ६०,००० पाकिटांची बॅच आणि एक दावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. रबाळे एमआयडीसीत पोहे पॅक करणाऱ्या युनिटमध्ये तुम्ही क्वालिटीला आहात. पाकिटावर ५०० ग्रॅम छापलेलं असतं, आणि तोच मालकाचा दावा. ६०,००० पाकिटांच्या एका बॅचमधली २५ पाकिटं तुम्ही तोललीत. सरासरी आली ४९८.२ ग्रॅम, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे एकेक पाकीट सरासरीपासून साधारण किती हलतं त्याचं माप, ४.५ ग्रॅम. सॉफ्टवेअरने पी व्हॅल्यू (खरी सरासरी ५०० असती तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०५७ दाखवली. मॅनेजर म्हणाले, ‘०.०५ च्या वर आहे, म्हणजे वजन बरोबर असल्याचं सिद्ध झालं.’ एम.एस्सी. करणारा मित्र म्हणाला, ‘एकतर्फी (फक्त वजन कमी आहे का ते बघणारी) टेस्ट लाव, ०.०२८ येईल, म्हणजे वजन कमी असल्याचं सिद्ध होईल.’ आणि तिसऱ्या कुणीतरी सांगितलं की ३० च्या खाली सॅम्पल चालतच नाही. यात खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

तिघांचंही नाही. का ते सांगतो, पण त्याआधी मला तुमच्याकडून एक गोष्ट कळायला हवी. ती तुमच्या पत्रात नाही, आणि तिच्यावाचून बाकीची आकडेमोड हवेत राहते. ही २५ पाकिटं तुमच्या हातात आली कशी?

कन्व्हेयरच्या टोकाला उभं राहून सलग उचललीत का? की गोडाऊनमधला वरचा कार्टन फोडलात? की दोन्ही शिफ्टमध्ये थोडी थोडी बाजूला काढलीत? ६०,००० पाकिटं दोन शिफ्टमध्ये, म्हणजे १६ तासांत निघत असतील, तर मिनिटाला साठेक पाकिटं पडतात. सलग उचललेली २५ पाकिटं हा अर्ध्या मिनिटाचाही माल नाही. त्या अर्ध्या मिनिटात हॉपर (मशीनवरचं माल ओतायचं भांडं) काठोकाठ होता का, नवं पोतं नुकतंच ओतलं होतं का, की पोत्याच्या तळाचा चुरा खाली उतरत होता, यावर तुमची सरासरी हलते. अशा पाकिटांवरून तुम्ही त्या अर्ध्या मिनिटाबद्दल छातीठोक बोलू शकता. बॅचबद्दल नाही. समष्टी म्हणजे पॉप्युलेशन कुठली, हे कागदावर काय लिहिलंय त्यावरून ठरत नाही. ज्या मालातल्या प्रत्येक पाकिटाला सॅम्पलमध्ये येण्याची संधी होती, तेवढाच माल तुमची समष्टी.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत माझी २७ वर्षं गेली. त्यातला एक प्रसंग सांगतो, कारण त्या वेळच्या कागदांवर सह्या माझ्या होत्या. पाव किलोच्या चहाची लाइन होती. मशीनला चार कप, चक्र फिरतं, कप एकामागून एक भरतात आणि पाऊचमध्ये रिकामे होतात. आमचा नियम होता: दर विसावं पाकीट तोलायचं. नियम नीटनेटका, चेकरला मोजायला सोपा, ऑडिटरलाही आवडायचा. तीन महिने रोजची सरासरी २५०-२५१ येत राहिली. मग तुर्भ्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला की अख्खा कार्टन तोलला तर वजन कमी भरतं.

मला ते पटेना. तीन महिन्यांचे तक्ते समोर होते. शेवटी नुकत्याच रुजू झालेल्या एका ट्रेनी मुलीने सलग १२ पाकिटं काट्यावर ठेवली आणि वजनं एका ओळीत चार अशी लिहिली:

२५१, २५२, २४४, २५०
२५०, २५१, २४३, २५१
२५२, २५०, २४५, २५०

तिसरा स्तंभ बघा. तिसऱ्या कपाचा स्क्रू सैल होऊन कप उथळ बसला होता. आम्ही तोलत होतो दर विसावं पाकीट, आणि विसाला चारने नि:शेष भाग जातो. म्हणजे तीन महिने आमच्या काट्यावर एकाच कपाचा माल येत होता, चौथ्या कपाचा. तो कप उत्तम होता. तिसऱ्या कपाचं एकही पाकीट आम्ही कधी तोललंच नाही. चारही कपांची मिळून सरासरी २४९.१ च्या आसपास होती. यातलं एकही पाकीट एकट्याने नियमाबाहेर नव्हतं, कारण पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०० ते ३०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंत फरक चालतो. पण नियम एकेक पाकीट बघतात तशी सरासरीही बघतात, आणि सरासरी कमीच होती. दुरुस्ती काय केली? स्क्रू आवळला, आणि विसाऐवजी एकविसावं पाकीट घ्यायला लागलो. २१ आणि ४ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पाळीपाळीने चारही कप सॅम्पलमध्ये येतात. त्या तीन महिन्यांत आम्ही हजारो पाकिटं तोलली होती. दहापट तोलली असती तरी तिसरा कप दिसला नसता.

तुमच्या मशीनला किती कप आहेत ते बघा, आणि २५ पाकिटं ज्या क्रमाने उचललीत त्या क्रमाने वजनं कपांच्या संख्येइतक्या स्तंभांत लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे. ४९८.२ ही सरासरी सगळेच कप थोडे कमी भरत असल्यानेही येते, आणि तीन कप चोख व चौथा सात ग्रॅमने कमी असल्यानेही येते. पहिल्यावर उपाय वेगळा, दुसऱ्यावर वेगळा, आणि कुठलीही पी व्हॅल्यू हा फरक तुम्हाला सांगणार नाही.

याच्याच जोडीला दुसरी शंका: ४९८.२ हे पाऊच वजा करून आहे ना? रिकाम्या पाऊचचं वजन पाच-सहा ग्रॅम असतं आणि तुमचा सगळा वाद १.८ ग्रॅमचा आहे. काटा सकाळी प्रमाणित वजनाने तपासला होता का? असल्या चुकीला एकाच बाजूला झुकणारी चूक म्हणतात, आणि तिची खोड अशी की सॅम्पल वाढवून ती कमी होत नाही.

आपल्या देशात हे फार आधी आणि फार मोठ्या कामात कळलं. शेतातलं पीक अंदाजायला कापणी प्रयोग करतात: शेतात यदृच्छ, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, जागा निवडायची, तेवढ्या तुकड्यातलं पीक कापून तोलायचं आणि हेक्टरी हिशेब लावायचा. कोलकात्याला १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस अशा पाहण्यांत लहान तुकड्यांच्या बाजूने होते. लहान तुकडे कमी खर्चात पुष्कळ घेता येतात, आणि गणित म्हणतं, नग जास्त तर अचूकता जास्त. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवलं की फार लहान तुकडा उत्पादन फुगवून सांगतो. कारण अगदी घरगुती आहे. तुकड्याच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी, म्हणून फुगवटाही मोठा. कापणारा लबाड नसतो, तरी हे होतं. असे हजार तुकडे घेतलेत तर हजार वेळा फुगलेल्या आकड्याची सरासरी मिळते, आणि तीही फार अचूक वाटणारी. सांख्यिकी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला हा वाद माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. तो आपल्या मातीतला आहे आणि पाठ्यपुस्तकातल्या नाण्या-फाशांपेक्षा खूप जास्त शिकवतो.

आता असं धरून चालू की पाकिटं बॅचभर विखरून यदृच्छ उचलली होती, पाऊच वजा केलं होतं, काटा बरोबर होता. मग तुमचे आकडे काय सांगतात?

४९८.२ हा तुमच्या २५ पाकिटांचा आकडा आहे. बॅचची खरी सरासरी तुम्हाला ठाऊक नाही आणि ६०,००० पाकिटं तोलल्याशिवाय ती नेमकी कळणारही नाही. दुसरी २५ उचलली असती तर ४९८.२ ऐवजी ४९९ आलं असतं, किंवा ४९७.५. प्रश्न हा की ही सरासरी किती इकडेतिकडे होते. त्याचं माप म्हणजे स्टँडर्ड एरर: स्टँडर्ड डेव्हिएशनला सॅम्पलमधल्या पाकिटांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. ४.५ भागिले ५, म्हणजे ०.९ ग्रॅम. एकेक पाकीट साडेचार ग्रॅमने हलतं, पण २५ पाकिटांची सरासरी जेमतेम ०.९ ने. जड पाकीट हलक्याला सांभाळून घेतं, म्हणून.

हे सूत्र घोकून कळत नाही, हाताने करून कळतं. महापेच्या कँटीनमध्ये नव्या पोरांना मी हे शनिवारी करायला लावायचो. २०० चिठ्ठ्यांवर पाकिटांची खरी वजनं लिहायची. कुठे ४८८, कुठे ५१२, सगळ्यांची मिळून सरासरी ५००. स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावून खळखळ हलवायच्या. प्रत्येकाने पाच चिठ्ठ्या काढायच्या, सरासरी काढून फळ्यावर टिंब द्यायचं, चिठ्ठ्या परत डब्यात. मग वीस-वीस काढून तेच. पाचांच्या सरासऱ्या ४९६ ते ५०४ मध्ये पसरायच्या, विसांच्या ४९८ ते ५०२ मध्ये. चौपट चिठ्ठ्या काढल्या तेव्हा पसारा निम्मा झाला. चौपट, दुप्पट नव्हे. वर्गमूळ म्हणजे काय ते त्या फळ्यावर डोळ्यांना दिसायचं. पसारा आणखी निम्मा करायचा तर ८० चिठ्ठ्या काढाव्या लागतात, आणि खर्चाचं दुखणं तिथे सुरू होतं.

ही युक्ती माझी नाही. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना तुमचीच अडचण होती: बार्ली आणि हॉप्सचे मोजकेच प्रयोग परवडायचे, आणि त्यावरून निर्णय घ्यायचे. त्यांनी ३,००० कैद्यांच्या उंचीचे आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीचे आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, पिसले, आणि चार-चारचे ७५० गट करून प्रत्येक गटाची सरासरी काय वागते ते बघितलं. त्यातून त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापून आली. सॅम्पल लहान असलं की स्टँडर्ड डेव्हिएशनसुद्धा अंदाजानेच काढलेलं असतं, तेही डगमगतं, म्हणून सरासरीभोवतीची ढील थोडी जास्त ठेवावी लागते. ती किती जास्त, ते टी-टेबल सांगतं.

तुमच्या आकड्यांत ही ‘थोडी जास्त’ नेमकी कळीची आहे. मोठ्या सॅम्पलचा १.९६ हा गुणक ०.९ ला लावून सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढी ढील सोडलीत तर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी ज्यात असावी असा पट्टा, ४९६.४४ ते ४९९.९६ येतो, आणि ५०० केसभर बाहेर राहतो. २५ पाकिटांसाठी टी-टेबलचा योग्य गुणक २.०६४ आहे. तो लावला की इंटरव्हल ४९६.३४ ते ५००.०६, आणि ५०० केसभर आत. म्हणून ३० च्या खाली चालत नाही असं म्हणणाऱ्याला सांगा की ३० च्या खालच्यासाठीच गॉसेटनी एवढी खटपट केली. ३० हा आकडा छापील तक्त्यांच्या काळातली सोय होती: तिथून पुढे टी-टेबल आणि मोठ्या सॅम्पलचं नॉर्मल टेबल यांतला फरक नजरेआड करता यायचा. लहान सॅम्पलला एक अट मात्र आहे. वजनांचा पसारा साधारण घंटेच्या आकाराचा हवा, एखादंच पाकीट ४७० चं असं नको. कागदावर टिंबं काढून बघा.

‘९५ टक्के’चा अर्थ मी कँटीनमध्येच समजावायचो. एकदा २४ पोरांनी आपापल्या चिठ्ठ्यांवरून आपापला इंटरव्हल काढून फळ्यावर आडव्या रेघा मारल्या. डब्याची खरी सरासरी ५००, ती आम्हाला ठाऊक. २२ जणांच्या रेघा ५०० ला छेदून गेल्या, दोघांच्या गेल्या नाहीत. त्या दोघांनी गणितात काही चूक केली नव्हती. पद्धतच अशी की वीसात साधारण एक रेघ हुकते. प्रत्यक्ष कामात आपल्याकडे एकच रेघ असते आणि ती लागलेली की हुकलेली ते कळायला मार्ग नसतो. म्हणून ९५ टक्के भरवसा त्या एका रेघेवर नसतो, रेघ काढण्याच्या रीतीवर असतो.

बॅच ६०,००० ची आहे आणि सॅम्पल अवघं २५, हे तुमच्या मॅनेजरना खुपतं असं तुम्ही लिहिलंय. त्यांना भाताचं उदाहरण द्या. घरचं पातेलं असो की लग्नाचा हंडा, शिजला का ते बघायला आचारी मूठभर शितं काढत नाही. तीच दोन-चार शितं बोटाने चिरडतो. पण त्याआधी झारा तळापर्यंत घालून भात वरखाली करतो, ते आपण विसरतो. स्टँडर्ड एररच्या सूत्रात बॅचचा आकार येतच नाही. अगदी लहान बॅचमधून मोठा हिस्सा उचलला तरच त्याची दुरुस्ती लागते. तुमच्या बाबतीत ती दुरुस्ती चौथ्या दशांश स्थळावर आहे, सोडून द्या.

सॅम्पल मोठं लागतं ते वेगळ्या कारणाने. वाशीच्या खाडीपलीकडे देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी तिच्याकडे असते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरांना भेटी दिल्या गेल्या. देशाचा एकच आकडा हवा असता तर एवढी घरं मुळीच लागली नसती. पण उत्तर ७०७ जिल्ह्यांचं वेगवेगळं हवं होतं, ठाण्याचं ठाण्याला आणि गडचिरोलीचं गडचिरोलीला. भागून बघा: जिल्ह्यामागे नऊशेच घरं पडतात. तीही सुटी सुटी नाहीत, एका गावात किंवा वस्तीत २२ अशी एकगठ्ठा. शेजारची घरं एकमेकांसारखी असतात, पाणी एक, रस्ता एक, दवाखाना एक, त्यामुळे २२ शेजारी घरं २२ स्वतंत्र घरांइतकी माहिती देत नाहीत, आणि हिशेबात ते धरावं लागतं. एका कार्टनमधली २५ पाकिटंही अशीच शेजारी असतात. तुम्हाला जर प्रत्येक कपाचा, प्रत्येक शिफ्टचा वेगळा आकडा हवा असेल, तर २५ प्रत्येकाला लागतील.

माणसांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते: पाकीट नाही म्हणत नाही, माणूस म्हणतो. मी राहतो त्या घोडबंदर रोडवरच्या संकुलात टँकरवाला बदलायचा का, यावर ग्रुपवर मत घेतलं. ३२० घरांतून ६४ उत्तरं आली, ५१ जण म्हणाले बदला. ८० टक्के! मी हट्ट करून घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकून ४० घरं काढली, आणि दोन रविवार आम्ही चौघे त्या प्रत्येक दारावर गेलो, बंद असलेल्या दारांवर तीनदा. ४० पैकी १९ जण ‘बदला’ म्हणाले. ४० घरांवरून काढलेल्या टक्क्याला दोन्ही बाजूंना साधारण १५ ची ढील धरली तरी तो ८० च्या जवळपास जात नाही. ग्रुपवर उत्तर दिलं ते मुख्यतः वरच्या मजल्यांवरच्या, पाण्यावाचून चिडलेल्या लोकांनी. त्यांचा राग खरा होता. पण तो सगळ्या संकुलाचा नव्हता.

आता मॅनेजर आणि मित्र यांचं भांडण. टी काढा, म्हणजे फरक किती स्टँडर्ड एररइतका आहे ते: ४९८.२ वजा ५००, भागिले ०.९, म्हणजे उणे २. खरी सरासरी नेमकी ५०० असेल तर निव्वळ योगायोगाने सॅम्पलची सरासरी ४९८.२ किंवा त्याखाली येण्याची शक्यता ०.०२८. योगायोगाने दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला एवढी किंवा जास्त सरकण्याची शक्यता त्याच्या दुप्पट, ०.०५७. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. दोघांचेही निष्कर्ष चुकीचे आहेत.

मॅनेजरचा घोटाळा असा की ‘दावा खोडता आला नाही’ याला ते ‘दावा सिद्ध झाला’ म्हणतात. तुमचा इंटरव्हल पुन्हा बघा. त्यात ५०० आहे, तसं ४९७ पण आहे, ४९८ पण आहे. सॉफ्टवेअरला ‘सरासरी ४९७ आहे’ हा दावा तपासायला दिला असता तर तोही खोडला गेला नसता. उलट ५०० पेक्षा ४९७ तुमच्या आकड्यांच्या जास्त जवळ आहे. मग ४९७ सुद्धा सिद्ध झालं म्हणायचं का? पुरावा कमी पडला, एवढंच म्हणता येतं.

मित्राचा घोटाळा वेळेचा आहे. ग्राहकाच्या बाजूने विचारायचं तर प्रश्न एकतर्फीच असतो, वजन कमी तर नाही ना. माझ्या मते तुमच्या प्रश्नाला एकतर्फी टेस्ट हीच योग्य होती. पण ती पाकिटं काट्यावर ठेवण्याआधी ठरवून वहीत लिहायला हवी होती. ०.०५७ बघितल्यावर बाजू निवडायची म्हणजे निशाणा लागला तिथे नंतर वर्तुळ काढणं. एकदा ही सवय लागली की ५ टक्क्यांची चूक नकळत १० टक्क्यांवर जाते. आणि ०.०२८ चा अर्थ ‘मालक खरं बोलत असण्याची शक्यता २.८ टक्के’ असा कधीही घेऊ नका. मालक खरं बोलतो असं धरून चाललो, तर असे आकडे किती वेळा दिसतील, एवढंच ते सांगतं.

५ टक्क्यांची रेघही दगडावरची नाही. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकातून ती रूढ झाली आणि सोयीची म्हणून टिकली. ०.०५७ आणि ०.०४९ यांत पुराव्याचा फारसा फरक नसतो. फरक निर्णयाच्या किमतीत असतो. चुका दोन तऱ्हेच्या: मशीन नीट असताना लाइन थांबवून कप उलगडत बसणं, म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. किंवा मशीन कमी भरत असताना ‘ठीक आहे’ म्हणून माल सोडणं, म्हणजे साप घरातच राहणं. पहिल्या चुकीत दोन तास जातात. दुसरीत ग्राहकाचा घास जातो. एका पाकिटामागे १.८ ग्रॅम म्हणजे चिमूटभर पोहे, पण ६०,००० पाकिटांना तो १०८ किलो होतो.

दुसऱ्या चुकीबद्दल तुमच्या रिपोर्टमध्ये एक अक्षर नाही, आणि बहुतेकांच्या नसतं. बॅच खरोखर २ ग्रॅमने कमी असेल, तर २५ पाकिटांची एकतर्फी टेस्ट ते दहापैकी सुमारे सातच वेळा पकडते. तीन वेळा साप निसटतो. दहापैकी नऊ वेळा पकडायचा तर ४५ च्या आसपास पाकिटं लागतात. १ ग्रॅमची तूट तितक्याच खात्रीने पकडायची तर १७५. तूट निम्मी झाली की पाकिटं चौपट, पुन्हा तेच वर्गमूळ. म्हणून ‘सॅम्पल किती घेऊ’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: किती ग्रॅमची तूट तुम्हाला सहन होणार नाही? ते उत्तर सूत्रातून मिळत नाही. मालक, मॅनेजर आणि तुम्ही एकत्र बसून ते ठरवायचं असतं.

मी तुमच्या जागी असतो तर असं करेन. आधीची २५ पाकिटं शंका घ्यायला पुरेशी मानेन, निकाल द्यायला नाही. पुढच्या बॅचआधी वहीत तारीख टाकून चार ओळी लिहीन: एकतर्फी टेस्ट, ५ टक्के, पकडायची तूट २ ग्रॅम, पाकिटं ४८. चार कप असतील तर प्रत्येक कपाची १२. दोन्ही शिफ्टच्या १६ तासांना ४८ ठिकाणी वाटेन, पण बरोब्बर वीस-वीस मिनिटांनी नाही. प्रत्येक वीस मिनिटांत कुठल्या मिनिटाला जायचं ते चिठ्ठी टाकून, कारण ऑपरेटरला वेळ कळली की त्या वेळेपुरता हात सांभाळून चालतो, आणि पोतं ओतायची वेळही ठरलेली असते. प्रत्येक पाकिटावर कपाचा नंबर मार्करने लिहीन. तोलल्यावर पाकीट फोडून त्याचंच पाऊच वेगळं तोलेन. आणि मॅनेजरना पी व्हॅल्यू दाखवण्याआधी कपवार टिंबांचा कागद दाखवेन. पी व्हॅल्यूवर वाद होतो, एका कपाची टिंबं बाकीच्यांच्या खाली लोंबताना दिसली की सगळे पाना घेऊन मशीनकडे वळतात.

मालकाने खोटं सांगितलं का, हेही तुम्ही विचारलंय. त्यावर आज मी काहीच म्हणणार नाही, आणि तुम्हीही युनिटमध्ये म्हणू नका. सैल स्क्रू हेही कारण असू शकतं. आधी त्या जुन्या २५ पाकिटांचे पाऊच टाकले नसतील तर शोधा. बॅच नंबरशेजारी पॅकिंगची वेळ छापलेली असेल तर ती वाचा. सगळ्यांवर एकच मिनिट असेल, तर मला ४८ पाकिटांच्या आकड्यांसह पुन्हा लिहा, कपवार.